आधी देश, मग देशवासी? राष्ट्रवादाने जोडलेलं आणि तोडलेलं

तिरकस रेघ (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर "चांगला राष्ट्रवाद" आणि "वाईट राष्ट्रवाद" अशी वाटणी वाचली. स्वेच्छेवर आणि नागरिकत्वावर उभा असलेला फ्रेंच पद्धतीचा तो चांगला. रक्त, वंश, भाषा यांवर उभा असलेला जर्मन पद्धतीचा तो वाईट. पहिला देश बांधतो, दुसरा फोडतो. ही मांडणी मला पटत नाही. का पटत नाही हे सांगायला फ्रान्स-जर्मनी सीमेवरचा आल्सास हा एकच प्रदेश पुरे आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सास व लोरेनचा काही भाग नव्या जर्मन साम्राज्यात गेला. जर्मन बाजू सरळ होती: हे लोक जर्मन बोली बोलतात, सबब ते जर्मन. जर्मन इतिहासकार मॉमसेन यांनी हीच बाजू लावून धरली. त्यांना १८७० मध्येच फ्रेंच इतिहासकार फ्युस्तेल द कूलांज यांनी उत्तर दिलं की राष्ट्र भाषेवरून ठरत नाही, लोकांना कोणाबरोबर राहायचंय त्यावरून ठरतं. पुढे १८८२ साली फ्रेंच विचारवंत एर्न्स्ट रेनाँ यांनी पॅरिसच्या सोर्बॉन विद्यापीठातल्या व्याख्यानात राष्ट्र म्हणजे रोजच्या रोज होणारं सार्वमत असं म्हटलं, त्यामागेही आल्सासची जखम होतीच. ऐकायला फार छान वाटतं. (त्याच व्याख्यानात रेनाँ असंही म्हणतात की राष्ट्र घडायचं तर बरंच काही विसरावं लागतं, इतिहास चुकीचाही सांगावा लागतो. हा भाग उद्धृत करणारे कमी भेटतात.)

आता पुढचं बघा. १९१८ च्या अखेरीस आल्सास फ्रान्सकडे परत आलं. स्वेच्छेच्या राष्ट्राने तिथे सार्वमत घेतलं का? नाही. चार प्रकारची ओळखपत्रं वाटली. 'अ' कार्ड त्यांना, ज्यांचं घराणं जुनं तिथलंच किंवा फ्रेंच. 'ब' त्यांना, ज्यांच्या आईवडिलांपैकी एक परका. 'क' दोस्त किंवा तटस्थ देशांतून आलेल्यांना. आणि 'ड' शत्रुदेशांतून आलेल्यांना व त्यांच्या मुलांना, मग ती मुलं आल्सासमध्येच का जन्मलेली असेनात. 'ड' वाल्यांपैकी हजारोंना ऱ्हाइनच्या पलीकडे हाकललं. म्हणजे रक्त मोजणाऱ्या जर्मन विचाराला पन्नास वर्षं नावं ठेवणाऱ्यांनी हातात सत्ता येताच आजी-आजोबा मोजायला घेतले.

माझं म्हणणं एवढंच आहे: राष्ट्रवादाच्या दोन जाती नाहीत. "आपले कोण?" हा एकच प्रश्न आहे. त्याच्या उत्तरातून देश उभे राहिले आणि त्याच उत्तरातून फुटले. शिवाय हा प्रश्न बहुतेक वेळा लोकांनी सरकारला विचारलेला नाही, सरकारने लोकांना विचारला आहे. १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी क्रांतिकारी संसदेपुढे अहवाल ठेवला. त्यांच्या अंदाजाने किमान ६० लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच मुळीच येत नव्हती, आणखी तेवढ्यांना धड संभाषण जमत नव्हतं, शुद्ध बोलणारे जेमतेम ३० लाख. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या वर. अहवालाच्या शीर्षकातच 'बोलींचा नायनाट करण्याची गरज' असे शब्द होते. पुढे शंभर वर्षांनी फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत तिथली ब्रेटन भाषा बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात एक खूणवस्तू अडकवत, आणि ती उतरवायची तर त्याने ब्रेटन बोलणारा दुसरा पोरगा पकडून द्यायचा. फ्रेंच राष्ट्र असं बनलं. इटलीचं एकीकरण करणारे काव्हूर आपला बराचसा पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये करत, ही अजून एक गंमत.

तुमची मतं वाचायला आवडतील. मुद्द्याला धरून.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

अनुस्वार

वाचतेय. ओळखपत्रांचं माहीत नव्हतं.

नकाशेवाला

लेख चांगला, निष्कर्ष घाईचा. सरकार आधी आणि राष्ट्र मागून हे तुमचं सूत्र पोलंडवर तपासा. १७९५ मध्ये तिसरी फाळणी झाली आणि पोलंड नकाशावरून पुसला गेला. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी वाटून खाल्लेला देश १२३ वर्षांनी, १९१८ मध्ये, पुन्हा उभा राहिला. मधल्या बहुतेक काळात ना स्वतंत्र सरकार, ना स्वतःचं सैन्य. १८३० आणि १८६३ असे दोन मोठे उठाव मात्र झाले. मग हे राष्ट्र कोणत्या सरकारने बनवलं म्हणायचं?

तिरकस रेघ

पोलंड येणार हे ठाऊकच होतं. :)

पण पोलिश राष्ट्र म्हणजे १८४६ साली नेमकं कोण? त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात पोलिश सरदारांनी स्वातंत्र्यासाठी उठाव केला. त्यांना मारलं कोणी? ऑस्ट्रियन फौजेने थोड्यांनाच. त्यांच्याच जमिनीवर राबणाऱ्या, पोलिश बोलणाऱ्या, कॅथलिक कुळांनी हजारभर सरदार आणि कारभारी कापले, शेकडो वाडे लुटले. कुळांच्या लेखी सम्राट आपला आणि वेठबिगार घेणारा मालक शत्रू. "आपले कोण" चं उत्तर सरदारांकडे एक होतं, शेतकऱ्यांकडे दुसरं. तो शेतकरी 'पोलिश' व्हायला पुढची सत्तर वर्षं गेली. वेठबिगारी उठली, वर्तमानपत्रं आली, गुपचूप भरणाऱ्या शाळा आल्या, आणि प्रशियाने जर्मन लादायचा प्रयत्न केला त्याचाही हातभार लागला. हे शेवटचं महत्त्वाचं. राष्ट्र घडवायला स्वतःचंच सरकार लागतं असं नाही, दुसऱ्याचं आडमुठं सरकारही ते काम करतं.

नकाशेवाला

हे मान्य करायला हरकत नाही. पण मग तुमचं सूत्र इतकं सैल होतं की त्यात काहीही बसेल. स्वतःचं सरकार घडवतं, परक्याचंही घडवतं. उरलं काय?

तिरकस रेघ

उरतं ते असं की भाषा किंवा धर्म आहे म्हणून आपोआप राष्ट्र होत नाही. पोलंडचीच पुढची दोन उदाहरणं घ्या. १९२० मध्ये आलेनश्टाइन भागात सार्वमत झालं: पूर्व प्रशियात (म्हणजे जर्मनीत) राहायचं की पोलंडमध्ये जायचं? तिथले मझूर लोक मोठ्या संख्येने पोलिश बोली बोलणारे, पण प्रोटेस्टंट आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रशियात मुरलेले. जवळपास ९८ टक्के मतं जर्मनीच्या बाजूने पडली. (पोलंड तेव्हा रशियाशी लढत होता, वॉर्सा पडेल अशी वेळ होती, हेही धरायला हवं.)

दुसरं, १९३१ ची पोलंडची जनगणना. पोलेसिया या दलदलीच्या प्रांतात मातृभाषेच्या रकान्यात साधारण ७ लाख लोकांनी लिहवून दिलं: 'इथली'. पोलिश नाही, युक्रेनी नाही, बेलारूसी नाही. आम्ही इथले, बोलतो ती इथली. आता जनगणना अधिकाऱ्यांनाही तसला रकाना सोयीचा होता, कारण त्यामुळे अल्पसंख्याकांचा आकडा कमी दिसत होता. तरी पण विसाव्या शतकात, भर युरोपात, लाखो लोकांनी हा प्रश्नच परतवला याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काठावरचा

'इथली' +१. सगळ्या जनगणनांत हा रकाना हवा. हलके घ्या.

हुप्प्या

एवढं काय लिहिताय? उपाय सोपा आहे. एक भाषा, एक धर्म, एक वंश ठेवा, देश फुटायचा प्रश्नच नाही. ज्यांनी खिचडी केली त्यांनी भोगलं. काडी टाकून पळतो.

अनुस्वार

हुप्प्या, पळायच्या आधी सोमालियाकडे बघून जा. आफ्रिकेत असा दुसरा एकजिनसी देश सापडणं कठीण: बहुतेक सगळे सोमाली, बहुतेक सगळे सुन्नी मुस्लिम, सगळ्यांची सोमाली भाषा. १९६० मध्ये इटालियन आणि ब्रिटिश वसाहती एक होऊन देश झाला. झेंड्यावरचा पाच टोकांचा तारा म्हणजे सोमाली लोकांचे पाच प्रदेश. त्यांतले तीन तेव्हा सीमेबाहेर होते: जिबुती, इथिओपियातलं ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग. म्हणजे जन्मतःच देशाच्या निशाणावर शेजाऱ्यांची जमीन. त्यासाठी १९७७-७८ मध्ये ओगादेनचं युद्ध झालं, हरले, आणि १९९१ पर्यंत सरकारच कोसळलं. कुळाकुळांत लढाई लागली. एक भाषा, एक धर्म, काही उपयोग झाला नाही.

आणि ऐक, त्याच १९९१ मध्ये उत्तरेकडच्या सोमालीलँडने वेगळं झाल्याचं जाहीर केलं, ते कोणत्या सीमेवर? जुन्या ब्रिटिश वसाहतीच्या सीमेवर. गोऱ्या साहेबाने आखलेली रेघ तेवढी टिकली.

हुप्प्या

बरं बाई. अपवाद असतात.

अनुस्वार

अपवाद कसला, स्वित्झर्लंडपासून सुरुवात करू का? चार भाषा, दोन पंथ, १८४७ मध्ये आपसात युद्ध, १८४८ मध्ये संविधान.

शिरोरेषा

मला वाटतं चर्चा युरोपातून थोडी आपल्या शेजारी आणायला हवी, कारण इथे सरकारने विचारलेला प्रश्न अगदी स्वच्छ दिसतो.

श्रीलंका (तेव्हाचं सिलोन) १९४८ मध्ये जवळपास रक्तपाताशिवाय स्वतंत्र झालं. शिक्षण, आरोग्य या बाबतींत आशियात पुढे. १९५६ च्या निवडणुकीत बंडारनायके यांनी "फक्त सिंहला" हे आश्वासन दिलं, जिंकले, आणि त्याच वर्षी कायदा केला. इंग्रजी जाऊन सामान्य माणसाची भाषा यावी ही मागणी रास्तच होती. सिंहलांसाठी तो राष्ट्रउभारणीचा क्षण होता. तमिळांसाठी त्याच दिवशी सरकारी नोकरीचं दार बंद होऊ लागलं. डाव्या पक्षाचे कोल्विन आर. डी सिल्वा तेव्हाच म्हणाले होते की दोन भाषा ठेवाल तर एक देश राहील, एक भाषा ठेवाल तर दोन देश होतील.

पुढचा क्रम फार बोलका आहे. १९५७ मध्ये बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा करार झाला: तमिळ भागांत तमिळमध्ये कारभार, प्रादेशिक परिषदा. पुढच्याच वर्षी भिक्खूंच्या दबावाखाली तो मोडला. १९५८ मध्ये दंगली. १९५९ मध्ये खुद्द बंडारनायके यांची हत्या एका बौद्ध भिक्खूने केली. ज्या लाटेवर ते चढले ती त्यांच्याही ताब्यात राहिली नव्हती. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशांचे नियम तमिळ मुलांवर उलटले, १९७६ मध्ये वड्डुकोड्डै इथे वेगळ्या तमिळ राज्याचा ठराव झाला, १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, १९८३ च्या जुलैत तमिळांविरुद्ध मोठी दंगल झाली. त्यातून पेटलेलं यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं. तमिळला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये, म्हणजे रक्त वाहू लागल्यावर.

तुलनेसाठी भारत. आपल्याकडेही १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटलंच होतं. पण १९५६ मध्ये भाषावार राज्यं झालेली होती, १९६३ च्या राजभाषा कायद्यात इंग्रजी चालू ठेवायची सोय होती, १९६७ च्या दुरुस्तीने ती पक्की झाली. द्रमुकने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी १९६३ मध्ये सोडली (सोळाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेच्या प्रचाराला चाप लावला, हेही कारण होतं) आणि १९६७ मध्ये ते मद्रासमध्ये सत्तेत बसले. वेगळं व्हायचं म्हणणाऱ्याला मुख्यमंत्रीपदाची वाट मोकळी होती.

नकाशेवाला

शिरोरेषा ताई, भारताचं चित्र जरा गुळगुळीत झालं. १९६६ च्या मार्चमध्ये आयझॉलवर आपल्याच विमानांनी हल्ला केला होता. तो काय संवाद होता?

शिरोरेषा

नव्हता, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. पण मिझोरामची गोष्ट १९६६ ला थांबत नाही. १९८६ मध्ये करार झाला, १९८७ मध्ये पूर्ण राज्य झालं आणि वीस वर्षं बंड चालवणारे लालडेंगा मुख्यमंत्री झाले. बाँब टाकून प्रश्न सुटला असता तर कराराची गरज पडली नसती.

संपादक मंडळ

धागा चालू राजकारणाकडे नेऊ नये. दोन प्रतिसाद काढले आहेत.

हुप्प्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नकाशेवाला

भाषेचा हक्क दिला की देश टिकतो, या ताईंच्या मांडणीला एक अडचण आहे: पाकिस्तान. सगळ्यांना २१ फेब्रुवारी १९५२ आठवतो, बांगला भाषेच्या आंदोलनावरचा ढाक्यातला गोळीबार आठवतो. पण १९५६ च्या पाकिस्तानी राज्यघटनेत बांगला ही उर्दूच्या बरोबरीने राष्ट्रभाषा झाली होती हे कोणी सांगत नाही. मागणी मान्य झाली, तरी पंधरा वर्षांनी देश फुटला.

शिरोरेषा

हा चांगला मुद्दा. पण त्याच सुमारास दुसऱ्या हाताने काय काढून घेतलं ते बघा. १९५५ मध्ये पश्चिमेकडचे सगळे प्रांत मिळून 'वन युनिट' केलं आणि संसदेत पूर्व-पश्चिम समसमान जागा ठेवल्या. पूर्वेची लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती. बहुसंख्याकांना कागदावरच बरोबरीत आणलं. पुढे १९५८ मध्ये लष्करी राजवट आली. लष्करात आणि वरिष्ठ नोकरशाहीत बंगाली अगदी थोडे, मग सत्तेत वाटा मिळणार कुठून? १९७० मध्ये एकदाची एक माणूस एक मत अशी निवडणूक झाली. पूर्वेतल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला. अख्ख्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत. म्हणजे मुजीबुर रहमान यांना देश फोडायची गरजच नव्हती, त्यांना पंतप्रधान होता येत होतं. ते होऊ दिलं नाही, २५ मार्च १९७१ ला लष्कर ढाक्याच्या रस्त्यावर आलं.

म्हणून भाषा दिली पण गादी दिली नाही, असं म्हणू या.

तिरकस रेघ

ताई, हे माझ्या मूळ लेखापेक्षा नेमकं झालंय. आणि धर्म हा पाया पुरेसा नव्हता हेही त्यात आलंच. १९४७ मध्ये ज्या उत्तराने पाकिस्तान घडला त्याच उत्तरात पूर्व बंगालचा माणूस १९७१ मध्ये बसेना.

काठावरचा

सगळे रक्तपाताबद्दलच बोलताय. काही देश विनातक्रार वेगळे झालेत, त्याचं काय?

नॉर्वे १८१४ मध्ये डेन्मार्ककडून स्वीडनकडे गेला. जून १९०५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने हा संबंध तोडला. ऑगस्टमध्ये सार्वमत घेतलं: तोडण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं, विरोधात १८४. टक्के नाहीत, माणसं. एकशे चौऱ्याऐंशी. बायकांना मताधिकार नव्हता, तर त्यांनी वेगळी मोहीम काढून जवळपास अडीच लाख सह्या गोळा केल्या. दोन्हीकडे सैन्य सीमेवर आलं होतं, पण कार्लस्टाडला बोलणी झाली, नॉर्वेने सीमेवरचे काही किल्ले पाडले आणि मिटलं.

चेकोस्लोव्हाकियाचं तर त्याहून मजेशीर. १ जानेवारी १९९३ ला दोन देश झाले, सार्वमत न घेताच. मतचाचण्यांमध्ये दोन्हीकडच्या बहुतेकांना फूट नको होती. क्लाउस आणि मेचियार या दोन नेत्यांचं जमेना, त्यांनी बसून ठरवलं. मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात २:१ वाटली. चलन काही महिने एकच ठेवायचं ठरलं होतं, ते ८ फेब्रुवारीलाच वेगळं झालं. ज्या नोटा होत्या त्यांवर तिकिटं चिकटवून काम भागवलं.

हे दोन्ही राष्ट्रवादच ना? मग तिथे रक्त का सांडलं नाही?

रातकिडा

आलो. उशीर झाला, पण प्रश्न माझ्या आवडीचा मिळाला.

काठावरचे, उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. नॉर्वे-स्वीडन सीमा जुनी, ठरलेली. चेक-स्लोव्हाकही तसेच. रेघेच्या अलीकडे फार थोडे 'त्यांचे', पलीकडे फार थोडे 'आपले'. फक्त सरकार वेगळं करायचं होतं, गाव नाही. आता युगोस्लाव्हिया घ्या. स्लोव्हेनिया २५ जून १९९१ ला वेगळा झाला, दहा दिवसांत लढाई संपली. कारण तिथे सर्ब फारसे नव्हते. क्रोएशियात होते, तिथे युद्ध लांबलं. बोस्नियात तर १९९१ च्या जनगणनेत साधारण ४३ टक्के मुस्लिम, ३१ टक्के सर्ब, १७ टक्के क्रोएट. आणि साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला युगोस्लाव्ह म्हणवून घेतलं होतं. मिश्र लग्नांची घरं, मिश्र गल्ल्या. तिथे रेघ कुठूनही मारा, ती कोणाच्या तरी घरातून जाणार. १९९२ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतावर बहुतेक सर्बांनी बहिष्कार टाकला. त्यानंतर रेघेला जागा करण्यासाठी माणसं हटवायला सुरुवात झाली. स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५, आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले.

'शतकानुशतकांचं वैर' हे कारण मला चुकीचं वाटतं, उगाच दिलेलं. युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो १९८० मध्ये गेले, दशकभर कर्ज आणि महागाईने देश पिचला, एकपक्षीय व्यवस्था ढासळली, आणि प्रत्येक प्रजासत्ताकात वेगळी निवडणूक झाली. अखिल युगोस्लाव्ह अशी खुली निवडणूक झालीच नाही. मग ज्याला मतं हवीत तो 'आपल्यांना'च हाक मारणार. वैर होतं तेवढं होतं, पण ते मतपेटीत कसं उतरलं हे बघायला हवं.

आता रेघकाकांच्या ओळखपत्रांकडे येतो. १९९५ च्या डेटन करारातून बोस्नियाला जी राज्यघटना मिळाली, तिच्यात तीन घटक जनसमूह आहेत: बोस्नियाक (म्हणजे वरच्या जनगणनेतले मुस्लिम), क्रोएट, सर्ब. तीन जणांचं राष्ट्राध्यक्ष मंडळ, प्रत्येकी एक. बाकीचे 'इतर'. इतरांना त्या पदासाठी उभंच राहता येत नाही. डेर्वो सेय्दिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे ज्यू, दोघे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. निकालानंतर वर्षांमागून वर्षं गेली, तरी घटनेतली ती तरतूद हलली नाही. युद्ध थांबवायला जी वाटणी केली तीच आता देशाला पुढे सरकू देत नाही. दोष द्यायचा तर कोणाला देणार? १९९५ मध्ये लढाई थांबवणं हेच मोठं काम होतं.

तिरकस रेघ

काका?! :)

बाकी प्रतिसाद जबरदस्त. 'माणसं हटवून रेघेला जागा करणं' यात मला १९२३ जोडायचंय. लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी सक्तीच्या लोकसंख्या अदलाबदलीचा करार केला. साधारण १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये (त्यांतले बहुतेक आधीच जीव मुठीत धरून पळालेले) आणि साडेतीन-चार लाख मुस्लिम ग्रीसमधून तुर्कस्तानात. निकष काय, तर धर्म. त्यामुळे अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'ग्रीक' ठरून ग्रीसला गेले, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुस्लिम 'तुर्क' ठरून उलट दिशेला गेले. दोन्हीकडे नव्या शेजाऱ्यांनी त्यांना परकंच मानलं. आणि हे चोरून झालं नाही. राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, त्या काळच्या शहाण्या मुत्सद्द्यांनी शांततेचा उपाय म्हणून केलं. पुढची काही दशकं फाळणीच्या बाजूने बोलणारे याचा दाखला देत राहिले.

अनुस्वार

आफ्रिकेने दुसरा रस्ता धरला त्याचं कारण हेच असावं. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी देशांच्या संघटनेने ठरवलं की वसाहतीच्या सीमा आहेत तशा मानायच्या. सीमा वेड्यावाकड्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, पण एकदा "आपले कोण" म्हणून रेघा खोडायला घेतल्या तर थांबायचं कुठे? सोमालिया आणि मोरोक्को तेवढे तयार नव्हते.

त्यामुळे आफ्रिकेत नवे देश फार थोडे झाले. एरिट्रिया १९९३ मध्ये झाला, जुन्या इटालियन वसाहतीच्या सीमेवर. दक्षिण सुदान २०११ मध्ये, जवळपास ९९ टक्के मतांनी. आणि दक्षिण सुदानचं दुःख असं की खार्टूमच्या (सुदानच्या राजधानीच्या) विरोधात जे एकत्र होते ते खार्टूमचं राज्य गेल्यावर अडीच वर्षांत, डिसेंबर २०१३ मध्ये, एकमेकांवर उलटले. ९९ टक्के लोकांना काय नको ते माहीत होतं.

शिरोरेषा

अनुस्वार, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

इंडोनेशियाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १९२८ च्या युवक शपथेत त्यांनी एकतेची भाषा म्हणून मलायवर आधारलेली इंडोनेशियन निवडली. जावानीज बोलणारे सगळ्यांत जास्त होते, त्यांची भाषा घेतली नाही. मलाय ही बंदरांची, व्यापाराची भाषा, मातृभाषा म्हणून तुलनेने थोड्यांची. बहुसंख्याकांनी आपली भाषा बाजूला ठेवल्याचं एवढं मोठं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. हजारो बेटं एकत्र राहायला त्याचा फार उपयोग झाला.

आणि याच देशाने डिसेंबर १९७५ मध्ये पूर्व तिमोरवर सैन्य घातलं. चोवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, तिथल्या ७८.५ टक्के लोकांनी वेगळं व्हायचा कौल दिला. त्याच बेटाचा पश्चिम भाग, तिथेही जवळचीच माणसं, तो इंडोनेशियात सुखाने आहे. फरक काय? पश्चिम भागावर डच होते, पूर्व भागावर पोर्तुगीज.

काठावरचा

म्हणजे रेघकाकांचं पुन्हा खरं. (काका आता चिकटलंच.)

पण मला व्यवहारी प्रश्न पडलाय. समजा एखाद्या गटाला खरोखर वेगळं व्हायचंय. रक्त न सांडता, रेघ कोणाच्या घरातून न जाता, हे करायची काही पद्धत कोणी शोधली आहे का?

रातकिडा

स्वित्झर्लंडने, छोट्या प्रमाणावर. बर्न या जर्मनभाषी कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं घटक राज्य) फ्रेंचभाषी ज्युरा प्रदेश होता. १९७४ मध्ये तिथे सार्वमत घेतलं. वेगळं व्हायला निसटतं बहुमत मिळालं. मग ज्या जिल्ह्यांत उलटा कौल आला होता त्यांना पुन्हा विचारलं, तुम्हाला बर्नमध्येच राहायचंय का? दक्षिणेकडचे प्रोटेस्टंट जिल्हे राहिले. मग सीमेवरच्या एकेका गावाला विचारलं. असं सोलत सोलत १९७९ मध्ये ज्युरा कँटन झालं. मुतिए हे गाव तेव्हा बर्नमध्ये राहिलं, तिथला वाद चालूच राहिला, आणि २०२१ मध्ये त्यांनी ज्युरात जायचा कौल दिला. तिथेही जाळपोळ, छोटे बाँब झाले होते, अगदी साळसूद प्रकरण नव्हतं. पण प्रश्न एकदाच आणि कायमचा विचारायचा नाही, ही यातली खुबी.

नकाशेवाला

छान, पण ज्युराच्या माणसाचा पासपोर्ट बदलला नाही, सैन्य बदललं नाही, नोट बदलली नाही. कँटन म्हणजे देश नव्हे. देशाच्या पातळीवर असा प्रयत्न झाला तो कॅनडात. १९९५ मध्ये फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांतात वेगळं व्हायचं का यावर सार्वमत झालं, 'नाही' ला ५०.५८ टक्के. केसभर अंतर. १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडायचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या कॅनडाला बोलणी टाळता येणार नाहीत. मला हा निकाल इतर कुठल्याही तोडग्यापेक्षा प्रौढ वाटतो.

पण त्यातली मेख अशी की १९९५ च्या सार्वमताच्या काही दिवस आधी क्वेबेकच्या उत्तरेकडच्या क्री या मूळनिवासी लोकांनी आपलं स्वतःचं सार्वमत घेतलं. प्रश्न साधारण असा की क्वेबेक वेगळा झाला तर तुम्हाला त्याच्याबरोबर जायचंय का? ९६ टक्के म्हणाले, नाही. कॅनडाची वाटणी होऊ शकते तर क्वेबेकचीही होऊ शकते, हा त्यांचा युक्तिवाद. क्वेबेकच्या राष्ट्रवाद्यांचं त्यावरचं उत्तर काय होतं माहितीय? क्वेबेकचा भूभाग अविभाज्य आहे.

जवळपास हीच भाषा स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात आहे, वेगळं होऊ पाहणाऱ्या कॅटलोनियाला अडवण्यासाठी दाखवतात ते.